सोसायटीच्या सामायिक नेटवर कॉलला पहिला मान द्यावा का?

वैशाखी: आमच्या बारा बिऱ्हाडांत एकच फायबर लाइन, अपलोड २० एमबीपीएस. परवा संध्याकाळी आई डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलत होती आणि वर कुणीतरी लग्नाचं शूटिंग अपलोडला लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गोळी जेवणा... घ्या." आधी की नंतर, हे आईला तीनदा विचारावं लागलं. पिंग, म्हणजे डेटा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, एरवी १५ मिलिसेकंद असतो; तेव्हा तो ७००च्या वर होता. राउटरवर क्यूओएस (कुठला डेटा आधी जाईल हे ठरवणारी सेटिंग) लावून कॉलची पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, आधी सोडा, हे माझं ठाम मत. नुसत्या आवाजाला जेमतेम १०० केबीपीएस लागतात, व्हिडिओला एक-दोन एमबीपीएस. तेवढ्याने कुणाच्या ताटातलं काय कमी होणार आहे?

गच्चीवरचा: मला पटत नाही. मी लग्नाचं एडिटिंग करतो; फाइल वेळेत गेली नाही की पैसे अडकतात. माझं काम मागे ठेवायचं हे ठरवणार कोण, कमिटी? आज कॉल, उद्या अध्यक्षांच्या मुलाचा गेम. शिवाय पॅकेटवर डीएससीपी ४६ (प्राधान्य सांगणारा आकडा) हा तातडीचा शिक्का कुठलंही अ‍ॅप मारू शकतं. सगळ्यांनीच मारला की रांग पुन्हा तीच! ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१६ मध्ये भेदभाव बंद केला तो याचसाठी.

वैशाखी: ८ फेब्रुवारी २०१६चा तो नियम दरांबद्दल आहे: मजकूर बघून वेगळे पैसे लावायचे नाहीत. वेगाचा प्रश्न नोव्हेंबर २०१७च्या शिफारशींत आला आणि तिथेही वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापनाला मुभा आहे. तेही इंटरनेट कंपन्यांसाठी, आपल्या जिन्याखालच्या राउटरसाठी नाही. शिक्क्याचं म्हणाल तर त्या रांगेला कमाल मर्यादा घालता येते.

जुना_वायरमन: दोघेही रांगेत पुढे कोण यावर भांडताय, पण रांग एवढी लांब का? ७०० मिलिसेकंद म्हणजे २० एमबीपीएसच्या लाइनवर पावणेदोन एमबी डेटा बफरमध्ये, म्हणजे पाठवण्याआधी थांबायच्या जागेत, तुंबलाय. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घ्या, त्यातल्या एसक्यूएम या रांग आखूड ठेवणाऱ्या सोयीत 'केक' ही पद्धत निवडा आणि अपलोड १८वर बांधा. वेग लाइनपेक्षा थोडा कमीच ठेवायचा, नाहीतर रांग पुढच्या डब्यात, म्हणजे कंपनीच्या मोडेममध्ये, लागते आणि आपल्या हातात काही उरत नाही. 'केक' प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग लावतो, बिऱ्हाडागणिक समान वाटणीही करता येते. कॉलची पॅकेटं थोडी असतात, ती आपोआप लवकर सुटतात. कुणाचं काम मोठं, हे कुणी ठरवायलाच नको.

गच्चीवरचा: याला माझी हरकत नाही. रात्री लाइन मोकळी असली की मला पूर्ण १८ मिळतात ना?

जुना_वायरमन: मिळतात. दुसरं कुणी वापरत नसेल तर सगळी लाइन तुमची.

वैशाखी: आणि एकाच वेळी दहा घरं व्हिडिओवर आली तर? समान वाट्यात प्रत्येकाला दोनहूनही कमी एमबीपीएस. एखाद्या घरात दोघे कॉलवर असले की तिथे दोघांचंही तुटणार. अशा वेळी आवाजाला तरी वेगळी वाट हवीच. माझा आग्रह कायम आहे.