लाईट चालू आहे, यांना गिळवत नाही. नळी घातलेल्यांचे अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

आम्ही तासगावकडचे. यांच्या डाव्या गालात आतून कॅन्सर निघाला. डिसेंबरात मिरजेत ऑपरेशन झालं, जानेवारीच्या शेवटी रेडिएशन सुरू झालं. तिथं सगळे त्याला 'लाईट'च म्हणतात. एकूण 30, पैकी 21 झाले. सोमवार ते शुक्रवार रोज जाऊन येऊन करतो.

पहिले दोन आठवडे बरे जेवले. तिसऱ्यात तोंड आतून सोलल्यासारखं लाल झालं, मग पांढरे चट्टे आले. लाळ इतकी चिकट की बोटानं ओढून काढावी लागते. वजन 71 होतं, या सोमवारी 63 भरलं.

मुगाचं कढण मी आधी पुरणयंत्रातून काढते, मग मलमलीतून गाळते. तरी एखादं साल राहिलंच तर ते काचेसारखं टोचतं म्हणतात. आधी सुन्न करणारं औषध तोंडात धरायचं, मग चमचा. हे डोळे मिटतात, घोट उजव्या बाजूला सोडतात आणि गिळताना पलंगाची कड घट्ट धरतात. एका वाटीला पाऊण तास जातो. बोलायला त्रास होतो म्हणून लेकीची पाटी उशाशी ठेवलीय. परवा अर्ध्यावर थांबून त्यावर लिहिलं, "ओला पुठ्ठा खाल्ल्यागत लागतंय."

आहारतज्ज्ञ मॅडमनी दिवसाला 1800 कॅलरी आणि 75 ते 90 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. काल वहीत मांडलं: तीन कप दूध, दुधात शिजवून घोटलेलं एक अंडं, दोन वाट्या कढण, एक वाटी नाचणीची पेज. ओढूनताणून 35 ग्रॅमसुद्धा भरत नाही.

ताक, लिंबू, टोमॅटो बंदच आहे. आमच्या द्राक्षबागेचा माल उतरायला आलाय. गोडी बघायला दरवर्षी पहिला मणी हेच तोंडात टाकतात. यंदाही टाकला, आणि झोंबून डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर बागेकडे गेलेच नाहीत. फोडणीच्या वासानं उमासे येतात म्हणून घरात फोडणी नाही. माझं जेवण जाऊबाई पाठवतात, मी मागच्या पडवीत बसून खाते.

डॉक्टर नाकातून नळी घाला म्हणतात. वजन असंच उतरलं तर लाईटमध्ये खंड पडेल आणि खंड पडलेला चांगला नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. तोंड भरून आलं की काढू, असंही म्हणाले. पण यांच्या मामांना नळी घातली होती ती शेवटपर्यंत निघाली नाही. ते यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि माझं चुकतंय का, तेही कळत नाही. लग्नाला 19 वर्षं झाली, 'अजून दोनच घास' म्हणतच वाढत आले. आता तेच म्हटलं की हे भिंतीकडे तोंड फिरवतात. काल माझा आवाज चढला. माझ्यासाठी म्हणून चार चमचे घेतले आणि सगळं उलटलं. फरशी पुसताना वाटलं, मी यांना खायला घालतेय की छळतेय?

ज्यांच्या घरी नळी होती त्यांनी सांगा: नळी असताना तोंडानं थोडं थोडं घेता आलं का? किती दिवसांनी निघाली? नळीतून घरचं काय काय देत होता? आणि माणूस नको म्हणत असताना तुम्ही कुठं थांबलात?

दोन दिवसांनी:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं दर दोन तासांनी गुळण्या सुरू केल्यात, लाळ थोडी सुटी झालीय. एका दादांनी लिहिलं की त्यांच्या वडिलांची नळी लाईट संपल्यावर पाच आठवड्यांनी निघाली, आणि मधल्या काळात ते रोज दोन चमचे पेज तोंडानं घेत होते, गिळायची सवय जाऊ नये म्हणून. तो प्रतिसाद मी यांना वाचायला दिला. दोनदा वाचला. मग पाटीवर लिहिलं, "बारीक नळी मिळती का विचार."

सिस्टर म्हणाल्या, सिलिकॉनची मऊ नळी मिळते. ती कुणी वापरली असेल तर लिहा, नाकात कितपत टोचते? मंगळवारी घालायची ठरलीय.