पाच फूट बाय दीड फुटात मॉडेल रेल्वे : सल्ला हवाय (नाशिक)

बाल्कनीतला_गार्ड
नमस्कार मंडळी. इंदिरानगरला टू बीएचके आहे. बाल्कनी काचा लावून बंद केली, तिथे भिंतीलगत एक फळी बसते: 5 फूट लांब, दीड फूट रुंद. याहून एक इंच जास्त मागितला तर मलाच यार्डात टाकतील.

लहानपणी सुट्टीत मामाकडे इगतपुरीला असायचो. कसाऱ्याहून मागे बँकर (ढकलायला जादा इंजिन) लावून चढत येणाऱ्या गाड्या, डीसी-एसी या दोन विजांची हद्द म्हणून इंजिन बदलायची धांदल, फलाटावरचे वडे. तेव्हापासून डोक्यात थळ घाट आहे. एक बोगदा, एक उंच पूल, गाडी खालून वर चढतेय आणि गोल फिरून परत येतेय, असं काहीतरी. बजेट 20 हजारांपर्यंत. सुतारकाम जेमतेम, सोल्डरिंग कॉलेजात केलं होतं तेवढंच. मापांपैकी एचओ घेऊ की एन? आणि नाशकात काय काय मिळेल?

खडीफोड्या
बोर्ड कापायच्या आधी विचारलंत हे बरं केलंत. मी कापून झाल्यावर विचारलं होतं.

आधी घाटाचा हिशोब. थळ घाटाचा चढ 37 ला 1. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर निदान 7 सेंमी उंची लागते. 7 गुणिले 37 म्हणजे 259 सेंमी, साडेआठ फूट नुसता चढ, आणि तेवढाच उतार. तुमच्याकडे पाच फूट आहेत.

आता गोल फिरण्याचं. एचओ म्हणजे 1:87, रुळांतलं अंतर 16.5 मिमी. सेटमधल्या सगळ्यात आखूड वळणाची त्रिज्या साधारण 36-37 सेंमी असते, म्हणजे बोर्ड पावणेतीन फूट तरी रुंद हवा. एन (1:160, 9 मिमी) घेतलं तरी 23 सेंमी त्रिज्येला दीड फूट पुरत नाही, चाकं फळीबाहेर जातात. नेहमीच्या वळणांनी गोल फिरणारी गाडी या फळीवर बसत नाही.

वाईट वाटून घेऊ नका. गोल फिरणारी गाडी मी आठ दिवस बघितली, नवव्या दिवशी त्यावर कपडे वाळत होते.

घाटवेडा
कशाला पोराचा उत्साह मारताय? पलंगाखाली सरकवता येणारा 4 बाय 3 चा बोर्ड करा म्हणावं, एनमध्ये मस्त बसेल.

बाल्कनीतला_गार्ड
पलंग स्टोरेजवाला आहे, त्यात गाद्या आणि सासूबाईंची पितळी भांडी. आणि पोर नाही हो, वय 44.

सायडिंगवाला
मग शंटिंग करा, म्हणजे डबे पुढे-मागे करून हव्या क्रमाने जोडणं. इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांचा ‘इंगलनुक’ नावाचा आराखडा आहे. तीन सायडिंग (डबे उभे करायचे बाजूचे रूळ), दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा), बस. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी (मालडबे) मावतात, बाकी दोन्हीत तीन-तीन. पुढे इंजिन आणि तीन वाघिणी उभ्या राहतील एवढी मान, म्हणजे मोकळा रूळ. एकूण आठ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि निघालेल्या क्रमानेच गाडी जोडायची. सोपं वाटतं, पण आठांतून पाचांचे क्रम 6,720 होतात. ऑफिसमधून आलं की चहाचा कप घेऊन बसायचं, अर्धा तास कुठे जातो कळत नाही. गाडी फिरताना आपण बघे असतो, इथे सांधेवाला, गार्ड, ड्रायव्हर सगळं आपणच.

एचओच घ्या, हाताला बरं पडतं. फक्त वाघिणी दोन आसांच्या जुन्या पद्धतीच्या घ्या, एक साधारण 10 सेंमी. पाच म्हणजे 50, दोन छोटे सांधे 17-17, मानेत 12 सेंमीचं शंटर (शंटिंगचं छोटं इंजिन) आणि तीन वाघिणी म्हणजे 42. झाले 126 सेंमी. तुमच्याकडे 152 आहेत. आजकालच्या लांब, बंद बीसीएन वाघिणींचा मोह टाळा. खऱ्या वाघिणीची लांबी साडेचौदा मीटरच्या घरात, म्हणजे एचओमध्ये एकेक साडेसोळा सेंमी. मग पाच फुटांत नुसती रांग उभी राहते, हलायला जागा नाही.

गेजशास्त्री
एक बारीक मुद्दा. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे खऱ्या रुळांतलं अंतर, 1676 मिमी. 87 ने भागा, 19.3 येतं. 16.5 च्या रुळावर भारतीय गाडी ठेवली की ती पाय जोडून उभी राहिल्यासारखी दिसते.

सायडिंगवाला
शास्त्रीबुवा, खरंय. पण 19.3 चे रूळ स्वतः ठोकत बसले तर पहिली वाघीण हलेपर्यंत यांना नातवंडं होतील. रुळाशेजारी गवत वाढवा, कोणाला कळत नाही.

जुनी_ट्राम
गेजवर बोलणं निघालंच आहे तर नाशिककरांनी नाशिकची ट्राम का विसरावी? 1889 पासून गावातून नाशिकरोड स्टेशनला जायची. आधी घोडे, नंतर इंजिन. गेज अडीच फुटी, म्हणजे 762 मिमी. भागिले 87 बरोबर 8.76. एनचा रूळ 9 मिमी! रूळ आणि इंजिनाचा सांगाडा एनचा घ्यायचा, वरची बॉडी कार्डबोर्डची 1:87 मध्ये स्वतः करायची. वळणं आखूड, डबे बुटके. या फळीवर मेनरोडचे दोन वाडे आणि पुढून जाणारी ट्राम.

बाल्कनीतला_गार्ड
ट्रामने मोहात पाडलंय, पण पहिलाच प्रयत्न आहे, बॉडी करायला हात धजत नाही. शंटिंगचं पक्कं. पण जागा कोणती दाखवू? नुसतं ‘एक यार्ड’ नको.

ओढा_आउटर
कांदा! मनमाड लाइनला खेरवाडी, निफाड, लासलगाव… एखादा मालधक्का घ्या. मागे पत्र्याचं गोदाम, धक्क्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ताडपत्र्या, काट्यावर वाद घालणारी दोन माणसं. मागची भिंत आकाशी रंगवून लांब एक डोंगराची कड. वाघिणींचं काम काय हा प्रश्नच उरत नाही: एक सायडिंग भरायचं, एक रिकाम्यांचं, एक आजारी वाघिणीचं. हवं तर 2020 दाखवा, 7 ऑगस्टला पहिली किसान रेल देवळालीहूनच दानापूरला सुटली होती.

खडीफोड्या
जागा ठरली, आता खडी. नावाला जागतो.

आपली खरी खडी काळ्या दगडाची, मोठे तुकडे 50-65 मिमीचे. एचओमध्ये ती 0.6-0.75 मिमी होते, म्हणजे बारीक रव्याएवढी. हे वाचून कोणी खरंच रवा वापरू नका. मी वापरला होता. राखाडी रंग दिला, फेविकॉलने चिकटवला, फोटो झकास आले. आषाढात एका सकाळी बघतो तर दोन नंबरच्या सायडिंगवर मुंग्यांची मालगाडी चाललेली. बायको म्हणाली, तुझ्यापेक्षा वेळेवर धावतेय.

वाळू चाळून घ्या. गोदेची वाळू घेणार असाल तर एक काम नक्की करा: जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. काळी मिशी उगवल्यासारखे कण चिकटतात. आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट, त्यातलं लोहखनिज वाळूत उतरतं. हे कण इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले गेले की मोटर गेलीच समजा. पाच-सहा वेळा फिरवा, चुंबक स्वच्छ येईपर्यंत.

मग वाळू कोरडीच पसरा, मऊ ब्रशने स्लीपरच्या मधे बसवा. स्प्रेने पाणी मारून ओली करा. त्यावर निम्मं फेविकॉल, निम्मं पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, ड्रॉपरने. साबण नसेल तर थेंब वाळूवर गोळी होऊन बसतो आणि ओघळताना खडी घेऊन जातो. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गोंद अजिबात नको.

चहापूड
खाली 12 मिमी प्लाय, त्यावर 3 मिमी कॉर्क शीट. नाशकात हे दोन्ही मिळतं, वायर, प्लास्टर, रंगही. रूळ, सांधे, इंजिन मात्र ऑनलाइन. परदेशातून मागवाल तर कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा. निम्मं बजेट चांगल्या इंजिनाला द्या. स्वस्त इंजिन कमी वेगात हिसके देतं, आणि शंटिंगमध्ये सगळा खेळ कमी वेगाचा.

प्लायला रंग खालून-वरून दोन्हीकडून द्या, बाल्कनीत पावसाळ्यात वाकेल. मातीसाठी वापरलेली चहापूड, पण तव्यावर खुटखुटीत वाळवून, नाहीतर बुरशी. थर्माकोलवर रबरी गम किंवा साधा स्प्रे पेंट लावू नका, डोळ्यांदेखत विरघळतो.

सायडिंगवाला
वायरिंग थोडक्यात. साधं 12 व्होल्ट डीसी पुरे. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नका, प्रत्येक तुकड्याला खालून दोन वायरी सोल्डर करा. सोल्डरिंगच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, नाहीतर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. सांध्याच्या मधोमध जिथे रूळ रुळाला छेदतो, तो तुकडा काही सांध्यांमध्ये प्लास्टिकचा असतो. चार चाकांचं शंटर नेमकं तिथेच मरतं. तो तुकडा धातूचा असलेलेच सांधे घ्या. आणि खडी टाकायच्या आधी आठवडाभर नुसत्या रुळांवर खेळा. जिथे वाघीण घसरते तिथे नखाने रुळाचा जोड चाचपा, टोचला की कानस.

घाटवेडा
आणि एकदा पुण्याला जाऊन कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. 1998 पासून आहे, एचओमध्येच अख्खं शहर उभं केलंय. घाटाची हौस तिथे भागवा.

बाल्कनीतला_गार्ड
तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. रूळ पडले, वायरिंग झालं, काल रात्री पहिल्यांदा चिठ्ठीप्रमाणे पाच वाघिणी जोडल्या. 23 मिनिटं लागली. आईने शेजारी खुर्ची टाकून पूर्ण बघितलं, आणि चौथ्या वाघिणीला ‘अरे ती मागे ढकल आधी’ म्हणाली, बरोबर होतं तिचं.

आता ट्रॉलीत सुटा कांदा भरायचाय. राजगिरा रंगवू का?

गेजशास्त्री
राजगिरा एक मिलीमीटरच्या वर असतो. म्हणजे नऊ-दहा सेंमीचा कांदा! खसखस घ्या, ती जरा बारीक, निदान बाजारात खपेल. लाल कांदा दाखवायचा तर किरमिजी रंग, उन्हाळ दाखवायचा तर फिका गुलाबी. ट्रॉल्यांवर सावली कडक पडत असेल तर उन्हाळच.

खडीफोड्या
आणि वरून वार्निशचे दोन हात. मुंग्या.