सांख्यिकी आणि प्रोग्रामिंग एकाच कोर्समध्ये: नवख्यांचं दोन्ही अर्धवट राहतं का?

मध्यगा (धागाकर्ती)

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. आम्हाला पहिल्या वर्षी सांख्यिकी आणि प्रोग्रामिंग असा एकत्र कोर्स सक्तीचा होता, भाषा आर, म्हणजे सांख्यिकीसाठी वापरतात ती प्रोग्रामिंगची भाषा. वर्गातल्या बहुतेकांनी त्याआधी कोडची एक ओळही लिहिलेली नव्हती आणि सांख्यिकी म्हणजे शाळेतलं सरासरी-मध्यक-बहुलक, एवढंच ठाऊक. कोर्स संपला, मार्कही चांगले पडले. तरी माझं मत पक्कं झालंय की हे दोन विषय नवख्या मुलांना एकाच सेमिस्टरमध्ये शिकवू नयेत.

एक उदाहरण देते. असाइनमेंटमध्ये झोपेचे तास आणि परीक्षेतले गुण असा डेटा होता. झोपेच्या तासांची सरासरी काढायला गेलं की उत्तर यायचं ‘एनए’. काही जणांनी तो रकाना रिकामा सोडला होता, आणि रिकामी नोंद असली की आर सरासरी देत नाही. उपाय सोपा आहे, रिकाम्या नोंदी वगळ असं कंसात सांगायचं. ती ओळ एकाला सापडली आणि तासाभरात सगळ्या वर्गाकडे पोचली. उत्तर आलं, पुढचा प्रश्न.

पण सांख्यिकीचा खरा प्रश्न तिथेच होता! त्या लोकांनी रकाना रिकामा का सोडला? कमी झोपणाऱ्यांनीच उत्तर द्यायचं टाळलं असेल तर उरलेल्यांची सरासरी फुगलेली असणार. हे लॅबमध्ये कोणी विचारलं नाही, कारण अख्खी लॅब कंस जुळवण्यात आणि फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते शोधण्यात गेली. टी-टेस्टचंही (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) तसंच. कोड चालला, पडद्यावर दहा-बारा ओळी आल्या, त्यातला पी (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) शोधायचा, ०.०५ पेक्षा लहान आहे का बघायचं आणि ठरलेलं वाक्य लिहायचं. पी म्हणजे काय हे आजही वर्गातल्या अनेकांना सांगता येणार नाही.

आधी एक सेमिस्टर नुसती सांख्यिकी, छोटा डेटा, कॅल्क्युलेटर. मग प्रोग्रामिंग. तुम्हाला काय वाटतं?

---

शून्यापासून

असहमत. तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातं.

कॅल्क्युलेटरवर सरासरी काढताना रिकाम्या नोंदीचं तुम्ही काय केलं असतं? ओलांडून पुढे गेला असता, आणि ओलांडली हे लक्षातही राहिलं नसतं. स्प्रेडशीटही रिकामे रकाने गुपचूप वगळून आकडा देते. आर मात्र अडून बसतं आणि विचारतं, या नोंदींचं काय करायचं ते तू ठरव. झोपेच्या प्रश्नाचं दार उघडलं ते त्या ‘एनए’नेच. शिकवणाऱ्यांनी तिथे थांबायला हवं होतं, हे मान्य. पण तो दोष शिकवण्याचा झाला, दोन विषय एकत्र आणल्याचा नव्हे.

आता माझं उदाहरण. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, काढताना एन वजा एकने का भागायचं (एन म्हणजे आकडे किती ते), हे मला कोणत्याही पुस्तकातल्या सिद्धतेने पटलं नव्हतं. लॅबमध्ये फासा दिला, म्हणजे कोडमधला. पाच वेळा टाका, विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) काढा, हेच दहा हजार वेळा करा आणि त्या सगळ्या उत्तरांची सरासरी घ्या. फाशाचं खरं विचरण २.९२ च्या आसपास. पाचने भागलं की सरासरी २.३३ च्या आसपास घुटमळते, कितीही वेळा चालवा. चारने भागलं की २.९२ वर येऊन बसते. नमुन्याची सरासरी त्याच पाच आकड्यांतून काढलेली असते, त्यामुळे ती त्यांना खऱ्या सरासरीपेक्षा जास्त जवळची असते आणि विखुरणं कमी दिसतं. हे डोळ्यांदेखत घडलं म्हणून समजलं. दहा हजार वेळा फासा हाताने कोण टाकणार?

ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये बूटस्ट्रॅप मांडलं, म्हणजे हातातल्या नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून अंदाजातली अनिश्चितता मोजायची. सूत्रांची जंत्री पाठ नसलेल्या विद्यार्थ्यालाही ही कल्पना पेलते. फक्त ती संगणकाशिवाय करता येत नाही. कोड काढून घेतलात तर नवख्यांच्या हातातलं सगळ्यात सोपं हत्यारच काढून घ्याल.

---

कोरीपाटी

धागाकर्तीला +१.

शून्यापासून, तुमचा आयडीच सांगतोय की तुम्हाला कोडमधल्यासारखी मोजणी शून्यापासून करायची सवय आधीपासून होती. :) आम्हाला नव्हती. फॉर-लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारा कोड) म्हणजे काय हे समजायच्या आत त्यात दहा हजार वेळा फासा टाकायला सांगितलं, तेव्हा फासा आणि विचरण दोन्ही नजरेआड गेले, उरला फक्त लूप.

गटात काय होतं तेही सांगते. चौघांचा गट, त्यातल्या एकाला शाळेपासून कोडिंग येतं. लॅपटॉप त्याच्यापुढे. बाकीचे तिघं रिपोर्टची प्रस्तावना लिहितात आणि आलेखांना रंग सुचवतात. शेवटी चौघांना सारखे मार्क. मार्कांवरून सगळे शिकले असंच दिसतं. आता तर चॅटबॉट कोड लिहून देतो, त्यामुळे तो एक जणही लिहीत नाही.

---

तपासनीस

मी अशाच एका कोर्सला टीए (शिक्षकांची सहायक) आहे, असाइनमेंट तपासते. दोन्ही बाजू रोज पाहते म्हणून जरा लांब लिहिते.

सर्वात जास्त दिसणाऱ्या चुकांमध्ये एररचा संदेश येतच नाही. शाखांना १, २, ३ असे कोड दिलेले असतात, १ म्हणजे कला, २ वाणिज्य, ३ विज्ञान. विद्यार्थी त्यांची सरासरी काढतो आणि लिहितो, ‘विद्यार्थ्यांची सरासरी शाखा २.१’. कोड अगदी शुद्ध. कॅल्क्युलेटरवरही हीच चूक झाली असती. म्हणून आधी सांख्यिकी, मग कोड या क्रमाने ती टळेल असं मला वाटत नाही. ती टळते कोणीतरी ‘या २.१ चा अर्थ सांग’ म्हटल्यावर.

आणि नेमकं तेच आम्ही विचारत नाही. आमच्याकडे पहिली तपासणी मशीन करतं. ते आकडा पडताळतं, अर्थाच्या वाक्याला मार्क जवळजवळ नाहीतच. मागे एका मुलीचं उत्तर मशीनने चूक ठरवलं. डेटा होता २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. तिने पायथन या भाषेत नमपाय हे तयार कोडचं पॅकेज वापरून प्रमाण विचलन काढलं, आलं २. अपेक्षित उत्तर २.१४. नमपाय आपणहून काही सांगितलं नाही तर एनने भागतं, पांडाज (पायथनचंच दुसरं पॅकेज) आणि आर एन वजा एकने. तिने दोन्हीकडे चालवून पाहिलं आणि दोन्ही आकडे घेऊन माझ्याकडे आली, ‘यातलं बरोबर कुठलं?’

त्या सेमिस्टरमध्ये मला विचारलेला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न. हे आठ आकडे म्हणजेच संपूर्ण समूह असेल तर २ बरोबर. मोठ्या समूहातून काढलेला नमुना असेल तर २.१४ घ्यायचं. म्हणजे उत्तर आकड्यांत नव्हतंच, डेटा कुठून आला यात होतं. निव्वळ सांख्यिकीच्या वर्गात हा प्रश्न तिला पडला नसता, कारण तिथे सूत्र फळ्यावर लिहून दिलेलं असतं. निव्वळ प्रोग्रामिंगच्या वर्गातही पडला नसता. तिचे मार्क मी परत दिले, पण मशीनच्या यादीत ती दोन आठवडे ‘चूक’ होती आणि माझ्याकडे न येता गप्प बसलेले किती असतील कोण जाणे.

एकत्र शिकवा. पण मार्क कशाला देताय ते आधी बदला.

---

जुनीवही

आमच्या वेळी संगणक नव्हता म्हणून लिहितो, म्हणजे ‘आधी हाताने’ हा पर्याय प्रत्यक्षात कसा असतो ते कळेल. आकड्यांच्या वर्गांची (स्क्वेअरची) बेरीज करण्यात अख्खी दुपार जायची, टी-चं कोष्टक पुस्तकाच्या शेवटी पाहायचं. परीक्षेत बेरीज चुकली की सगळं चुकलं. समज त्यातूनही येत नव्हती, बोटं तेवढी दुखायची. आलेख काढायचा तर आलेखवही, म्हणून कोणी काढायचंच नाही.

फ्रान्सिस अँस्कम यांचे १९७३ चे चार डेटासंच आहेत. प्रत्येकात ११ बिंदू, सरासरी सारखी, सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात त्याचं माप) चारही ठिकाणी ०.८१६ च्या आसपास, बिंदूंमधून काढलेली रेषाही जवळजवळ तीच. आलेख काढला तर एक साधी तिरकी पट्टी, एक सरळसरळ वक्र, एकात एकच बिंदू रेषा वाकवतोय आणि एकात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या ओळीत. आम्ही सहसंबंधाची गणितं ढिगाने केली, पण हे चार आलेख कधी पाहिले नाहीत. तुमच्या पोरांना ते चार ओळींच्या कोडमध्ये दिसतात. हे सोडू नका.

एक मात्र धागाकर्तीचं खरं. डेटा छोटा असला की प्रत्येक आकड्याशी ओळख होते. पहिल्याच लॅबमध्ये हजारो ओळींची फाइल देण्यात काही शहाणपण नाही.

---

शून्यापासून

तपासनीस यांचा प्रतिसाद आवडला.

कोड का हवा याचं आणखी एक कारण, आणि तेही एका विद्यार्थ्याचं. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये निबंध लिहिला की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते, सरासरी उणे ०.१ टक्के. सरकारी काटकसरीच्या बाजूने तो जगभर पुढे केला गेला. थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने वर्गातल्या कामासाठी तेच आकडे पुन्हा काढायला घेतले, जुळेनात. लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मिळवली तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी घ्यायच्याच राहिल्या होत्या. २०१३ मध्ये त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसोबत सुधारित आकडा प्रसिद्ध केला, अधिक २.२ टक्के. ओळीओळीने वाचता येईल असा कोड असता तर ही चूक लपली नसती. हे पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडायला हवं.

---

मध्यगा

हे प्रकरण मलाही माहीत आहे, पण ते पूर्ण सांगा. उणे ०.१ चा २.२ झाला त्यात एक्सेलच्या त्या चुकीचा वाटा लहान होता. मोठा वाटा होता कुठली वर्षं धरायची आणि कोणाला किती वजन द्यायचं या निवडींचा. न्यूझीलंडची सुरुवातीची वर्षं धरलीच नव्हती, त्यामुळे ९० टक्क्यांवरच्या कर्जाच्या गटात त्याचं एकच वर्ष उरलं, १९५१, वाढ उणे ७.६ टक्के. ब्रिटनची होती १९ वर्षं, सरासरी २.४. आणि सरासरी काढताना दोघांना सारखं वजन! सूत्रातल्या ओळी बरोबर असत्या तरी ही गोष्ट तशीच राहिली असती. ही चूक कंसांची नाही, विचाराची आहे. आणि माझं म्हणणं तेच आहे की विचाराला वेळ उरत नाही.

जुनीवही आणि तपासनीस यांचं वाचून माझी भूमिका थोडी सरकली, हे कबूल. कॅल्क्युलेटरचं सेमिस्टर मी मागे घेते. पण पहिले काही आठवडे कोड लिहायला लावू नका, तयार लिहिलेला द्या. मुलांनी फक्त आकडे बदलून बघावं, पाचचा नमुना पन्नासचा करावा, काय हललं ते वाक्यात लिहावं. लूप नंतर. वीस ठिकाणी निव्वळ यदृच्छेचा डेटा घेऊन चाचणी केली तर निदान एक पी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते, हे तयार कोड चालवूनही दिसतं. तो लूप कसा लिहिला हे तेव्हा कळायची गरज नाही.

---

शून्यापासून

वजनांचा मुद्दा मान्य, तो मी गाळायला नको होता. पण ती निवड चव्हाट्यावर आली कशी? फाइल हातात आली म्हणून. नुसत्या निबंधावरून कोणालाही ते ठरवता येत नव्हतं.

तयार कोडला माझा विरोध आहे. आकडे बदलत बसलेला विद्यार्थी महिनाभराने रिकाम्या पानासमोर गोठतो. पहिल्या दिवसापासून दोनच ओळी लिहा, पण स्वतः लिहा.

---

कोरीपाटी

मग एका गोष्टीचं उत्तर कोणीतरी द्या. लेखी परीक्षेत कागदावर कोड का लिहायला लावतात? स्वल्पविराम राहिला तर मार्क जातात. ज्या भाषेत संगणक स्वतःच चूक दाखवतो त्या भाषेची कागदावर परीक्षा कशाला?

---

तपासनीस

चॅटबॉटच्या भीतीने, दुसरं काही नाही. भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. कागदावर परीक्षा घ्यायचीच तर कोड छापून द्यावा, त्याखाली आलेला आकडा छापावा आणि विचारावं: हा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही, आणि कुठल्या ओळीत कोणता निर्णय घेतलाय? आमच्याकडे पुढच्या सेमिस्टरसाठी मी असे प्रश्न काढून दिलेत, पहिला प्रश्न त्या २ आणि २.१४ चाच आहे. विभागाने अजून होकार दिलेला नाही.

मध्यगा, तुमचा झोपेचा प्रश्न त्यात घातला तर चालेल का?

---

मध्यगा

जरूर घाला. फक्त किती जणांनी रकाना रिकामा सोडला तो आकडाही छापा, नाहीतर मुलांना अंदाजच करत बसावं लागेल.