फिलिपिनो कुटुंबांतील फ्रीमेसनरी : हे बंधुत्व वारशाने मिळते का?

दर्यावर्दी (मूळ प्रश्न)

मी मालवाहू जहाजावर नोकरी करतो आणि गेली काही वर्षे माझे बहुतेक सहकारी फिलिपिनो आहेत. आमच्या मुख्य अभियंत्यांच्या बोटात एक जाड अंगठी असते. तिच्यावर गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक एकमेकांत अडकवलेले असून मधोमध ‘जी’ हे अक्षर कोरलेले आहे. अंगठी त्यांच्या वडिलांची आहे, आणि वडिलांचे बोट अधिक जाड असल्यामुळे तिला आतून दोरा गुंडाळून ती बसवलेली आहे. इंजिनरूममध्ये उतरण्यापूर्वी ते ती काढून खिशात जपून ठेवतात आणि वर आल्यावर हात धुऊन पहिल्यांदा तीच घालतात. त्यांचे आजोबा मेसन (म्हणजे फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेचे सभासद) होते, वडील होते, ते स्वतः आहेत आणि धाकट्या मुलानेही आता अर्ज केला आहे. मागे एका बंदरात दुसऱ्या जहाजावरचा एक अनोळखी फिलिपिनो गृहस्थ ती अंगठी पाहून थांबला आणि पाचच मिनिटांत दोघे सख्ख्या भावांसारखे बोलू लागले.

माझ्या शंका अशा : हे सभासदत्व बापाकडून मुलाकडे आपोआप जाते का? आणि बहुसंख्य जनता कॅथलिक असलेल्या देशात, चर्चचा विरोध असताना, ही गोष्ट घराण्याचा अभिमान कशी काय बनली?

जुनी पाने

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. मेसनच्या मुलालाही इतरांप्रमाणेच स्वतः अर्ज करावा लागतो. अर्जदार सज्ञान पुरुष असावा, त्याची ईश्वरावर श्रद्धा असावी आणि विद्यमान सभासदांनी त्याची शिफारस करावी, अशा अटी असतात. त्यानंतर लॉजची चौकशी समिती त्याची माहिती काढते आणि शेवटी गुप्त मतदान होते. (मराठीत लॉज म्हटले की भलतेच चित्र डोळ्यांसमोर येते, पण या संस्थेच्या स्थानिक शाखेला हाच शब्द आहे.) पांढरी गोळी म्हणजे होकार आणि काळा ठोकळा म्हणजे नकार. वडील त्याच लॉजचे माजी प्रमुख असले तरी ठोकळा कोणी टाकला हे त्यांना कळत नाही. प्रवेश मिळाल्यावरही शिकाऊ, सहकारी आणि उस्ताद या तीन पायऱ्या प्रत्येकाला चढाव्याच लागतात.

आता अभिमानाविषयी. फिलिपिन्समध्ये मेसनरीचा इतिहास आणि राष्ट्राच्या जन्माचा इतिहास हे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. स्पॅनिश अमदानीत गावोगावी खरी सत्ता धर्मसंघांच्या पाद्र्यांच्या हाती होती, आणि त्या सत्तेला विरोध करणाऱ्या शिकलेल्या तरुणांना एकत्र जमण्यासाठी एक सुरक्षित जागा हवी होती. स्पेनमध्ये राहणाऱ्या फिलिपिनोंनी 1889 मध्ये बार्सिलोनात ‘रेव्होलुसिओन’ हे लॉज काढले. त्यानंतर 1891 मध्ये मनिलात ‘निलाद’ स्थापन झाले आणि तेथून हे लोण झपाट्याने पसरले. होसे रिझाल मेसन होते आणि लॉजमध्ये त्यांनी ‘दिमासालांग’ हे नाव घेतले होते. मार्सेलो देल पिलार यांना तर फिलिपिनो मेसनरीचे जनकच मानतात. आंद्रेस बोनिफासिओ ‘तालिबा’ लॉजचे सभासद होते, आणि 1892 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या कातिपुनान या क्रांतिकारी संघटनेने दीक्षाविधीची बरीचशी धाटणी मेसनरीवरूनच उचलली. एमिलिओ आगिनाल्दो यांनी 1895 मध्ये दीक्षा घेतली. ज्या शाळकरी मुलाला राष्ट्रपुरुषांची ही नावे पाठ असतात, त्याला आपले आजोबाही त्याच बिरादरीतले होते हे कळल्यावर काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकता.

कौटुंबिक परंपरेचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण मात्र या प्रसिद्ध नावांत सापडत नाही. मनिलाचे फाउस्तिनो व्हिलारुएल हे ‘पात्रिया’ लॉजचे प्रमुख होते. 1893 मध्ये स्त्रियांसाठी ‘वालाना’ नावाचे लॉज निघाले, तेव्हा त्यांची कन्या रोसारिओ त्यात आघाडीवर होती. तिला पहिली फिलिपिनो स्त्री-मेसन म्हणतात. रिझाल यांच्या होसेफा आणि त्रिनिदाद या बहिणीही त्यात होत्या. पुढे क्रांती पेटल्यावर, 11 जानेवारी 1897 रोजी, स्पॅनिश सरकारने फाउस्तिनो यांना बागुम्बायानच्या मैदानावर गोळ्या घातल्या. रिझाल यांना त्याच मैदानावर गोळ्या घातल्या त्याला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. ज्या घरांनी ही किंमत मोजली, त्यांनी ती ओळख पुढच्या पिढीच्या हाती जपून दिली, यात नवल नाही.

ओळंबा

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु इतिहासाने परंपरा सुरू झाली हे मान्य केले तरी ती टिकली कशी हे त्यातून कळत नाही. मी मनिलात सहा वर्षे राहिलो आहे. माझ्या मते याचे उत्तर फिलिपिनो नातेसंबंधांत आहे.

तेथील मेसन एकमेकांना ‘कुयांग’ म्हणतात. ‘कुया’ म्हणजे थोरला भाऊ, आपल्याकडचा दादा. घरात हा शब्द वयाने मोठ्या भावालाच लावतात, पण लॉजमध्ये सत्तर वर्षांचे निवृत्त न्यायाधीशही कालच दीक्षा घेतलेल्या तरुणाला कुयांग म्हणून हाक मारतात. मला याची मोठी गंमत वाटत असे. फिलिपिनो समाजाला रक्तापलीकडची नाती जोडण्याची सवय जुनीच आहे. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जो धर्मपिता होतो, तो मुलाचा ‘निनोंग’ आणि मुलाच्या बापाचा ‘कुम्पारे’ होतो, आणि हे नाते जन्मभर निभावले जाते. कोणी केलेल्या उपकाराचे ऋण मनात बाळगणे, ज्याला ते ‘उतांग ना लोओब’ म्हणतात, हेही तसेच. परदेशातून आलेल्या संस्थेला येथे जमीन आयतीच नांगरलेली मिळाली.

शिवाय संपूर्ण कुटुंब या वर्तुळात सामावले जाते. मुलांसाठी डिमोले संघटना आहे, मुलींसाठी ‘जॉब्ज डॉटर्स’ आणि ‘रेनबो’ आहेत, पत्नीसाठी ‘ईस्टर्न स्टार’ आहे. मुलगा प्रत्यक्ष अर्ज करतो तोवर त्याचे बालपण या लोकांच्या मेळाव्यांत गेलेले असते. सान मार्सेलिनो रस्त्यावरील ग्रँड लॉजच्या (देशातील लॉजच्या मध्यवर्ती संस्थेच्या) वास्तूला ‘प्लारिदेल’ हे देल पिलार यांचे टोपणनाव दिले आहे. तेथे एका समारंभात मी पाहुणा म्हणून गेलो होतो, तेव्हा आवारात लहान मुलेच अधिक धावत होती.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. मोटारींच्या मागच्या काचेवर गुण्या-कर्कटकाचे स्टिकर सर्रास दिसते, आणि त्यामागे वाहतूक पोलिसाने सौम्यपणे वागावे ही अपेक्षा नसतेच असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. जुन्या सभासदांनाच याची सर्वांत जास्त चीड येते.

सांजवेळ

चर्चचा मुद्दा अजून राहिला आहे, आणि तो कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहे. रिझाल यांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी मेसनरीचा त्याग केल्याच्या कागदावर सही केली की नाही, यावर तेथील अभ्यासक आजही हमरीतुमरीवर येतात. मानुएल केसोन 1918 मध्ये ग्रँड मास्टर, म्हणजे ग्रँड लॉजचे प्रमुख, झाले, परंतु 1930 मध्ये ते मेसनरी सोडून चर्चमध्ये परतले, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

व्हॅटिकनची भूमिका बदललेली नाही. 1983 च्या घोषणापत्रानुसार मेसन झालेला कॅथलिक गंभीर पापाच्या अवस्थेत असतो आणि त्याला कम्युनियन (चर्चमधील उपासनेत मिळणारा पवित्र प्रसाद) घेता येत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये व्हॅटिकनने याचा पुनरुच्चार केला, आणि तोही एका फिलिपिनो बिशपांच्या पत्राला उत्तर देताना. दुमागेतेच्या बिशपांनी आपल्या धर्मप्रांतात मेसनांची संख्या वाढत असल्याचे कळवून मार्गदर्शन मागितले होते. त्या उत्तराची मला विशेष वाटलेली बाब अशी की, कॅथलिक सिद्धान्त आणि मेसनरी यांचा मेळ का बसत नाही, हे सर्व पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चच्या विभागांत) लोकांना समजावून सांगावे, असे त्यात सुचवले आहे. नुसती बंदी पुरेशी नाही, हे त्यातून आपोआपच मान्य झाले.

माझा ‘ओळंबा’ यांच्याशी थोडा मतभेद आहे. कुम्पारेचे नाते आणि लॉजचे बंधुत्व एकाच जातीचे आहे हे खरे, पण पहिले नाते चर्चच्या दारात जुळते आणि तेथील बिशपांच्या भूमिकेनुसार मेसनला धर्मपिता होता येत नाही. म्हणजे एका नात्यासाठी दुसरे सोडावे लागते, निदान कागदोपत्री तरी. व्यवहारात पाद्री आणि कुटुंब दोघेही बऱ्याचदा तिकडे कानाडोळा करतात.

दर्यावर्दी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्रीची पाळी संपल्यावर मी धीर करून मुख्य अभियंत्यांना चर्चविषयी विचारले. ते म्हणाले की ते दर रविवारी पत्नीसोबत मिस्साला जातात. कम्युनियनची वेळ आली की पत्नी आणि मुली रांगेत पुढे जातात, आणि ते शेवटच्या बाकावर त्यांच्या पर्स सांभाळत बसतात. त्यांचे वडीलही त्याच बाकावर बसत असत.