मदत हवी आहे: भाऊ घरीच व्हेपचं (ई-सिगारेटचं) लिक्विड बनवतोय

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. धाकटा भाऊ संभाजीनगरला शिकायला आहे. सुट्टीत आला तर बॅगेत मेडिकलवरची ग्लिसरीनची बाटली, प्रोपिलीन ग्लायकॉल, सिरिंज आणि केकवाले वापरतात तो बटरस्कॉच इसेन्स! म्हणतो, "दादा, खायचाच आहे, काय होतंय?" अरे, पोटात जाणं वेगळं अन् फुप्फुसात ओढणं वेगळं. लोण्याच्या वासासाठी काही इसेन्समध्ये डायअसिटिल असतं, हे रसायन श्वासातून गेलं तर फुप्फुसांना घातक. तेलातला इसेन्स असला तर आणखीनच वाईट. निकोटीनची एक बिनलेबलची बाटलीपण आहे. ते कातडीतूनही अंगात भिनतं, आणि घरात माझी रांगती पोरगी. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं बंद आहे म्हटलं तर नुसता हसतो.

तर, ती निकोटीनची बाटली टाकायची कशी? मोरीत ओतायला मन धजत नाही. कुणी फार्मसीवाले असतील तर सांगा. अन् निकोटीन सोडवायला लातूर-नांदेडकडं चांगलं समुपदेशन कुठं मिळतं? 1800-11-2356 या सरकारी क्विटलाइनवर कुणी बोललंय का? "वय आहे, सुटेल आपोआप" असले सल्ले नकोत, प्लीज. आईला अजून काही माहीत नाही.