मत घ्या, पण लिहू एकालाच द्या

कुणीतरी म्हटलंय ना, की डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोल-प्लेइंग गेमचं पुढचं अ‍ॅडव्हेंचर (म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायची तयार गोष्ट) कुठलं छापायचं हे फॅन्सना विचारलं की खिचडी होते, मला नाही पटत. वूल्फगँग बाउर या गेम डिझायनरने २००६ला ओपन डिझाइन सुरू केलं (तेच पुढे कोबोल्ड प्रेस ही प्रकाशन कंपनी झालं) तेव्हा लोक आधी पैसे भरायचे, मग कुठली कल्पना घ्यायची यावर मत द्यायचे, पण लिहायला बसायचा तो स्वतः.

माझं मत विचाराल तर ड्रॅगन बास झाले आता, दोन बैठकींत संपेल असं काहीतरी छोटं द्या राव. मागच्या रविवारी आमचा दीड तास एका दारापुढे गेला, ट्रॅप शोधून दमलो, चोराचं पात्र खेळणाऱ्याने तीनदा डाइस टाकले, आणि दार नुसतं ओढायचं होतं, आम्ही ढकलत होतो 😂