ओतणं, घालणं, वाढणं, सोडणं: खानदेशातले तुमचे अनुभव लिहा

पातळ पदार्थ एका भांड्यातून दुसरीकडे जाताना कुठलं क्रियापद यायचं, हे आपल्याकडे घराघरात आणि धंद्याधंद्यात ठरलेलं असतं. तुळशीला पाणी घालतो, दिव्यात तेलही घालतो. पाहुण्याच्या ताटात वरण वाढतो. मग ओततो कधी? जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथले असाल तिथलं कानावर पडलेलं आणि तोंडात बसलेलं लिहा.

शिरपूर
वरण-बट्टीच्या पंगतीत हा भेद पक्का. बट्टी चुरायची, वर वरण वाढायचं, मग तुपाची धार. "तूप ओत" असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, "धार धर" म्हणतात. वाढणारा तांब्या वाकवून तूप सोडत राहतो आणि खाणारा ताटावर आडवा हात धरेपर्यंत सरळ करत नाही. ओतण्यात भांडं रिकामं करण्याची घाई आहे, म्हणून ते ताटाशी चालत नाही. आजी या बाबतीत फार कडक होती.

जळगाव, ओतकाम
आमचं पोटच या शब्दावर आहे. वितळलेल्या धातूला आम्ही रस म्हणतो, वाळूच्या साच्यात तो ओततो, आणि असं घडलेलं ते ओतीव. ओतताना हात थांबवायचा नाही. मध्येच धार तुटली की आधीचा रस गार व्हायला लागतो, नंतरचा त्यात नीट मिसळत नाही, आणि वस्तूवर रेघ राहते. ती रेघ घासून जात नाही, सांधा आतूनच कच्चा असतो. साचा ओलसर राहिला तर आणखी वाईट: पाण्याची वाफ होते, वस्तूत पोकळ्या पडतात, कधी रस उसळून बाहेर येतो. म्हणून नवीन पोराला आधी साचा वाळवायला शिकवतात, ओतायला फार नंतर. "जीव ओतून काम केलं" असं कुणी म्हटलं की मला ती न तुटलेली धारच दिसते.

अमळनेर
आमच्या घरच्या अहिराणीत 'वत'. "पानी वत रे भो."

रावेर
केळीच्या बागेत दोन्ही शब्द रोज लागतात. विरघळलेलं खत टाकीत ओतायचं आणि ठिबकच्या नळीतून सोडायचं. वडिलांच्या काळी बारे द्यायचे, रात्री बॅटरी घेऊन पाणी वळवत फिरायचे. पाणी ओतण्याची वेळ तेव्हा फक्त नवीन रोपाला यायची, कळशीनं.

धरणगाव
कपाशीत पैसा ओतला, असंच म्हणतो आम्ही. बियाणं, खत, फवारणी. बोंडअळी आली की तो ओतलेला पैसा जमिनीतच जिरतो. 'घातला' म्हणून ते दुःख सांगता येत नाही.

भुसावळ
एक शब्द राहिला, वैरणं. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, आधणात पीठ वैरतात. एकीनं वैरायचं, दुसरीनं घाटायचं. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. माझ्या सुनांना हा शब्द माहीत नाही, त्या 'टाकते' म्हणतात. मी मुद्दाम त्यांच्यासमोर वापरते.

पारोळा
शिरपूरच्या धारेला जोडून: तुपाची धार धरतात, म्हशीची काढतात. आणि डेअरीवर दूध मापात ओततो आम्हीच, पण विचारतात मात्र, "आज दूध घातलं का?"